विद्यार्थ्यांची अमली पदार्थ चाचणी : मैदानाच्या दारात की दवाखान्यात?

२६ जून हा दिवस जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली तसा ठराव केला. आपल्याकडेही त्या दिवशी शाळांतून फेऱ्या निघतात, फलक रंगविले जातात, प्रतिज्ञा घेतल्या जातात. योगायोगाची गोष्ट अशी की, १९९५ साली याच तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी खेळाडूंची अचानक मूत्रचाचणी घेण्यास शाळांना परवानगी दिली. त्या निकालाची चर्चा आज येथे करण्याचे कारण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात ससून रुग्णालयात उपचारासाठी ठेवलेल्या कैद्याच्या मेफेड्रोन व्यापाराचे प्रकरण गाजले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी केलेल्या कारवाईत दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून दिल्लीपर्यंत सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन हाती लागले. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरील एका बारमधील चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. अशा बातम्यांनंतर कोणत्याही पालकसभेत एक सूचना हमखास पुढे येते : शाळेनेच मुलांची तपासणी करावी, निदान जे संघात, बँडमध्ये, स्नेहसंमेलनात भाग घेतात त्यांची तरी करावी. सूचना करणाऱ्यांच्या मनातील भीती खरी आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु सुचविलेला उपाय त्या भीतीवर लागू पडतो का, हे तपासून पाहिले पाहिजे. आणि ते पुण्याच्या पेठांतून नव्हे, तर राजुरीसारख्या गावातून पाहिलेले बरे.

राजुरी हे जुन्नर तालुक्यातील गाव. आळेफाट्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. कांद्याची आणि दुधाची ही भूमी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कबड्डी व कुस्ती हे केवळ खेळ नाहीत; यात्रेतील आखाडा आणि संध्याकाळचे कबड्डीचे मैदान हा गावाच्या जगण्याचाच भाग आहे. गंमत म्हणजे, ज्या गावातून तो अमेरिकन खटला उभा राहिला ते ऑरेगन राज्यातील व्हर्नोनियाही असेच लहान, लाकूडतोडीवर जगणारे गाव होते. शालेय खेळांना तेथे मोठा मान होता. १९८० च्या दशकात शाळेत गांजा वाढला, बेशिस्त वाढली आणि खेळाडूच त्यात पुढे असल्याचे शिक्षकांना दिसले. तेव्हा शाळेने नियम केला की संघात यायचे असेल तर चाचणीला संमती द्यावी लागेल, आणि हंगामभर चिठ्ठ्या टाकून काही मुलांचे नमुने घेतले जातील. १९९१ साली सातवीतील जेम्स अ‍ॅक्टन या मुलाच्या आईवडिलांनी संमतीपत्रावर सही नाकारली. मुलाविषयी संशय घ्यावा असे काहीही नसता त्याची तपासणी का करावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने कौल दिला.

सात वर्षांनी, २७ जून २००२ रोजी, पुढचे पाऊल पडले. ओक्लाहोमा राज्यातील टेकम्से येथील शाळेने हा नियम खेळाडूंपुरता न ठेवता गायनवृंद, बँड, प्रश्नमंजूषेचा संघ, शेतीविषयक विद्यार्थी मंडळ अशा सर्व स्पर्धात्मक उपक्रमांना लावला होता. गायनवृंदातील लिंडसे अर्ल्स या विद्यार्थिनीने त्यास आव्हान दिले. पाच विरुद्ध चार मतांनी शाळा जिंकली. १९९५ चे निकालपत्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी, तर २००२ चे क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले. दोघेही कॅथलिक, हे वाचकांना ठाऊक असेल. तथापि मला अधिक पटते ते ज्यू धर्मीय न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे भिन्नमतपत्र. १९९५ साली त्या बहुमतासोबत होत्या, २००२ साली मात्र नव्हत्या. त्यांचा मुद्दा साधा होता. जी मुले गातात, वाजवितात, स्पर्धांत उतरतात, तीच व्यसनापासून तुलनेने दूर असतात. अशांनाच चाळणी लावली, तर ज्याला उपक्रमाची सर्वाधिक गरज आहे तोच मुलगा उपक्रमापासून दूर राहील.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे आणखी एक उदाहरण आहे. वरील घटनात्मक बंधन अमेरिकेत सरकारी शाळांना लागू आहे, खाजगी शाळांना नाही. त्यामुळे कॅन्सस सिटी येथील येशूसंघीयांच्या रॉकहर्स्ट हायस्कूलने २०१३-१४ च्या शैक्षणिक वर्षापासून सर्वच विद्यार्थ्यांची केसांच्या नमुन्यावरून चाचणी सुरू केली. तेथे निदान दोन गोष्टी विचारपूर्वक केलेल्या दिसतात. नियम सर्वांना सारखा ठेवला, खेळणाऱ्यांनाच वेगळे काढले नाही. आणि पहिल्यांदा दोष आढळला तर शिक्षेऐवजी पालक व समुपदेशक यांच्याकडे मुलाला सोपविण्याची योजना केली.

आता फलिताकडे वळू. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांतील मुलांच्या सेवनात फरक आढळला नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१० साली ३६ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चाचणीच्या कक्षेतील मुलांपैकी १६ टक्क्यांनी, तर चाचणी नसलेल्या शाळांतील तशाच मुलांपैकी २२ टक्क्यांनी मागील महिन्यात सेवन केल्याचे सांगितले. हा फरक नाकारण्याचे कारण नाही. ‘आमच्या संघात तपासणी असते’ असे सांगून मित्राचा आग्रह टाळणे मुलाला सोपे जाते, हेही खरे आहे. परंतु त्याच अभ्यासात दिसले की, पुढे सेवन करण्याचा मुलांचा इरादा बदलला नाही आणि उपक्रमांबाहेरील मुलांवर काहीच परिणाम झाला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली शाळांतील अशा चाचण्यांना विरोध नोंदविला, तो या साऱ्याचा विचार करूनच.

राजुरीच्या संदर्भात याहूनही मोठी अडचण वेगळीच आहे. चाचणीची पट्टी नेमके काय पाहते? शाळांना परवडणारी सर्वसाधारण पट्टी गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन अशी चार-पाच द्रव्ये शोधते. दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले हुंगण्याचे पदार्थ वापरतात, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, थिनर यांसारखे. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के आहे. मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक असलेला हा एकमेव प्रकार! तो या पट्टीवर दिसत नाही. तंबाखू दिसत नाही. २०१२ पासून राज्यात बंदी असलेला आणि तरीही मिळणारा गुटखा दिसत नाही. दारू काही तासांत शरीरातून निघून जाते, गांजाचा अंश मात्र कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतो. म्हणजे सोमवारच्या तपासणीला घाबरणारा मुलगा शनिवारी गांजा सोडून दारूकडे वळला, तर कागदोपत्री तो निर्दोष ठरेल. ज्या मेफेड्रोनमुळे हा सारा गहजब झाला, तेही साध्या पट्टीवर हमखास उमटेल असे नाही.

उलट जे नसते ते कधीकधी दिसते. खसखस खाल्ल्यानंतर लघवीत अफूचा अंश सापडू शकतो, हे वैद्यकशास्त्राला परिचित आहे. दिवाळीचे अनारसे आपल्याही घरी होतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. पहिल्या पट्टीवरील निष्कर्ष प्रयोगशाळेत सूक्ष्म परीक्षणाने पडताळून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरू नये, असा नियम त्यासाठीच आहे. पण नमुना पुण्याला पाठवून उत्तर येईपर्यंतच्या दिवसांत गावात काय होईल? संघातून अमक्याचे नाव का वगळले, हे दुसऱ्या दिवशी पारावर ठाऊक झालेले असेल. नंतर आलेले ‘निर्दोष’ असे पत्र पारावर कोणी वाचून दाखवीत नाही.

आपल्या देशात शाळकरी वयातील मुलांची अशी चाचणी मुळीच होत नाही, असे मात्र नाही. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, जिला ‘नाडा’ म्हणतात, ती स्पर्धांतून नमुने घेते; २०२२ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिष्ठान मिळाले. २०१८ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या खेलो इंडिया शालेय स्पर्धेतील डझनभर मुले चाचणीत दोषी आढळल्याची बातमी क्रीडाक्षेत्राला हादरवून गेली. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे पथक आल्याचे कळताच अनेक धावपटू पसार झाले आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. महाराष्ट्रातही पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या वेळी उमेदवारांजवळ इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते मेफेंटरमिन व्यायामशाळांत दम वाढविण्यासाठी टोचून घेतले जाते. आपल्या गावांतील भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना खरा धोका कोठून आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि नाडाची चाचणी आणि शाळेची चाचणी यांचा हेतू एक नव्हे. पहिली स्पर्धेतील न्यायासाठी असते : फसवून पदक मिळवू नये म्हणून. दुसरी मुलाच्या हितासाठी आहे असे म्हटले जाते. फसवणूक करणाऱ्याला स्पर्धेतून काढणे न्याय्य आहे. आजारी पडू लागलेल्याला मैदानातून काढणे कोणत्या न्यायात बसते? शिवाय ती कठोर क्रीडाव्यवस्थादेखील अल्पवयीनांशी जपून वागते. नमुना देताना मुलासोबत प्रौढ प्रतिनिधी राहू शकतो आणि दोष सिद्ध झाला तरी त्याचे नाव जाहीर करण्याची सक्ती नाही. एवढी गुप्तता आपली शाळा, आपला शिपाई, आपली पालकसभा पाळू शकेल का, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या गावाकडे पाहून द्यावे.

कायद्याच्या बाजूने पाहता, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. अशा चाचणीचा विचार आता त्या कसोटीवर होईल. त्याआधी, १४ डिसेंबर २०१६ रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर याच न्यायालयाने मुलांमधील व्यसनांची राष्ट्रीय पाहणी, कृती आराखडा आणि अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश यांविषयी आदेश दिले होते. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शंभर यार्डांतील टपरी हलविण्याचे धैर्य ज्या गावाला होत नाही, त्या गावाने कबड्डीपटूच्या हाती बाटली द्यावी, हे विचित्र आहे. टपरीवाल्याचे मतदान असते, नववीतल्या मुलाचे नसते.

ख्रिस्तसभेची भूमिका या बाबतीत मऊ नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली कोणत्याही प्रकारच्या अमली पदार्थाला ठाम नकार दिला. पण त्या नकारासाठी जीवनाला, प्रेमाला, शिक्षणाला आणि रोजगाराला होकार द्यावा लागतो, हेही त्याच भाषणात सांगितले. २६ जून २०२४ च्या सार्वजनिक भेटीत त्यांनी व्यापाऱ्यांवर कोरडे ओढले आणि व्यसनी व्यक्तींकडे पाहताना करुणा मागितली. आपल्या महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. वसईतील अनेक कुटुंबे त्या कार्याशी परिचित आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभारले. या दोन्ही ठिकाणी लघवीची तपासणी वर्ज्य नाही. पण तेथे ती उपचारासाठी आलेल्या माणसाची, उपचार करणाऱ्यांनी केलेली तपासणी असते. राजुरीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. सापडलेल्या मुलाला दर आठवड्याला तेथे कोण नेणार, त्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार? चाचणीची मागणी करणाऱ्या पालकसभांत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक सारा खर्च तेथेच आहे. पट्टी स्वस्त असते.

तेव्हा उद्या एखाद्या शाळेने, मग ती आपल्या धर्मप्रांताची असो वा अन्य संस्थेची, संमतीपत्र घरी पाठविले तर पालकांनी सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. पट्टीवर कोणती द्रव्ये दिसतात? पडताळणी कोठे व किती दिवसांत होईल? निष्कर्ष कोणकोणाला कळेल, आणि दहावीनंतर तो कागद नष्ट केला जाईल का? समुपदेशक नेमला आहे का, की चित्रकलेच्या शिक्षकांनाच ते काम दिले आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे : दोष आढळलेला मुलगा संघात राहील का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर असेल, तर सही करू नये असे माझे मत आहे. ज्या संध्याकाळी तो मैदानावर नसेल, त्या संध्याकाळी तो आळेफाट्यावर कोणासोबत उभा असेल, हे शाळेला कळणार नाही आणि आपल्यालाही नाही. ज्या घरात आजच शंका आहे त्यांनी शाळेच्या चिठ्ठीची वाट पाहू नये. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, आणि मुलांसाठी १०९८.