शाळेचे नेटवर्क : पैसा आधी तारेत घाला

शाळा-कॉलेजाच्या आवारात कॉम्प्युटर असणे ही आता कौतुकाची बाब राहिलेली नाही. हजेरी, फी, निकाल, ऑनलाइन परीक्षा, कॅमेरे असे सगळे एकाच जाळ्यावर आले आहे. आपल्या चिंचणीत शाळा आहेत, पी. एल. श्रॉफ कॉलेज आहे. अशा संस्थांच्या कमिट्यांवर बहुतेक गावांत कोणी ना कोणी दुकानदार किंवा कारखानदार असतोच. नेटवर्कचे कोटेशन त्याच्यापुढे येते. आतले शब्द परके वाटतात म्हणून तो खालची बेरीज पाहतो आणि सर्वांत स्वस्त कागदावर सही करतो. आमच्या मते नुकसानीची सुरुवात इथेच होते.

कोटेशनमध्ये दोन गोष्टी असतात. एक स्विच, म्हणजे जिथे सर्व तारा येऊन मिळतात तो डबा. दुसरी ट्विस्टेड पेअर केबल, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्यांची, आठ तारांची केबल. डबा पाच-सात वर्षांनी बदलावा लागतो आणि तो एका दुपारी बदलता येतो. केबल भिंतीत, छतात पंधरा-वीस वर्षे राहते आणि ती बदलायची तर भिंत फोडावी लागते. तरीही आपले लोक डब्याचे नाव पाहून पैसे मोजतात आणि घासाघीस मात्र केबलवर करतात. हे उलटे झाले पाहिजे.

इतिहासही हेच सांगतो. जोडीला पीळ दिला की बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि एकमेकांत कटतो. या युक्तीचे पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनसाठी घेतले. पूर्वी कॉम्प्युटर जाड कोॲक्सियल केबलने एका ओळीत जोडत; एक सांधा सुटला की सारी ओळ बंद पडे. १९९० साली पिळाच्या तारेवर सेकंदाला १० मेगाबिटचे मानक आले. प्रत्येक यंत्राची तार वेगळी झाली आणि एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधेनासा झाला. १९९५ साली वेग १०० झाला, १९९९ साली १०००. २०१६ च्या मानकाने जुन्या कॅट-५ई केबलवरही २५०० मेगाबिट चालू लागले. म्हणजे डबे बदलत गेले, पण नीट टाकलेली तार टिकून राहिली.

आता तारेची परीक्षा. चिंचणी-वाणगाव पट्टा दागिन्यांच्या डायसाठी ओळखला जातो. धातूची पारख आपल्या कारागिरांना कोणी शिकवायला नको. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के. अशी केबल नेटवर्कच्या मानकात बसत नाही. कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज दिली की ती तापते आणि दाब पडतो. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की लांबचा कॅमेरा बंद. ओळखायची रीत सोपी आहे. तार चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर माल परत करा. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते, म्हणून ३०५ मीटरची पेटी हातात घेतली तरी फरक कळतो. मायक्रोमीटर लावा : कॅट-६ ची तार साधारण ०.५७ मिलिमीटर भरते, कॅट-५ई ची ०.५१. ऑर्डरवर 'शुद्ध तांबे' हे दोन शब्द लिहून घ्या.

नवे बांधकाम असेल तर कॅट-६ टाकावी. जुनी कॅट-५ई तांब्याची आणि शाबूत असेल तर ती उपटण्याची उधळपट्टी करू नये. एका पल्ल्याची मर्यादा १०० मीटर; त्यात भिंतीतली केबल ९० आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या मिळून १०. विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात केबल घालू नये. जॅकवर जोडताना अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उकलू नये. जिथे पीळ गेला तिथे गुण गेला.

दोन इमारतींच्या मध्ये मात्र तांबे नकोच. दोन्हीकडचे अर्थिंग सारखे नसते, आणि पावसाळ्यात जवळ वीज पडली तर तिचा झटका तारेतून दोन्हीकडच्या यंत्रांत शिरू शकतो. तिथे फायबर घालावा. काचेतून वीज वाहत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत जॅकचे संपर्क लवकर खराब होतात, म्हणून सोन्याचा मुलामा असलेले जॅक आणि झाकणाचा रॅक घ्यावा. डहाणू-तलासरी भागाने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सोसले आहेत. रॅक टेबलावर न ठेवता भिंतीला बोल्टने आवळावा.

डब्याबाबत दोनच प्रश्न विचारा. पहिला : तो मॅनेज्ड आहे का? एखाद्या मुलाने दोरीची दोन्ही टोके भिंतीतल्या दोन जॅकमध्ये खोचली तर साध्या डब्यावर सारे जाळे गुदमरते. मॅनेज्ड स्विच नीट लावलेला असेल तर ते ओळखून तो रस्ता बंद करतो. ऑफिसचा हिशेब आणि मुलांचे कॉम्प्युटर वेगळे ठेवणेही त्यावरच शक्य आहे. दुसरा : केबलमधून द्यायच्या विजेची एकूण ऐपत किती वॅट? समजा १० वॅटचे ८ कॅमेरे आणि २० वॅटची ६ वाय-फाय यंत्रे आहेत. गरज २०० वॅटची झाली. जॅक चोवीस असूनही डब्याची ऐपत १९० वॅट असेल, तर सगळी यंत्रे जोराने चालू होताच एखादे बंद पडणार.

कोणी म्हणेल, आता सगळे वाय-फायवर चालते, तारा कशाला? पण छतावरच्या प्रत्येक वाय-फाय यंत्रामागे एक तार असतेच. ती कच्ची असेल तर वरचे यंत्र कितीही महाग घेऊन उपयोग नाही.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. ठेकेदार दिवे लागणारा छोटा टेस्टर दाखवून बिल मागतो. त्यातून आठ तारा क्रमाने जुळल्या एवढेच कळते. पीळ, गोंगाट, वेग यांचे काही कळत नाही. केबल सर्टिफाय करणारे यंत्र वेगळे असते आणि ते प्रत्येक जॅकचा पास-नापास रिपोर्ट काढते. शेवटचा हप्ता त्या रिपोर्टावरच द्यायचा, ही अट वर्क ऑर्डरमध्ये घाला. प्रत्येक जॅकला नंबर आणि त्याचा नकाशाही मागा. आपल्या वायरमन मुलांनी हे काम नीट शिकून घेतले, तर तारापूर एमआयडीसीतही त्यांच्या हाताला दाम मिळेल.

वर्गणीचा पैसा ही अमानत असते. दुकानात माल पारखून घेणारा माणूस कमिटीत बसल्यावर डोळे मिटून सही करतो, हे व्यापाऱ्याला शोभत नाही. पुढच्या कोटेशनवर सही करण्यापूर्वी केबलचा एक तुकडा मागून घ्या आणि चाकू लावून पाहा.