किल्ली कुणाकडे?

महाबळेश्वरचा वीकेंड म्हणजे वेण्णा लेक, स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि ट्रॅफिक. पुढच्या वेळी पाचगणी सोडलं की गाडी जरा भिलारकडे वळवा. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणूनही ओळखलं जातं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली. पण तिथे पुस्तकांची दुकानं, आणि इथे चक्क लोकांची राहती घरं! सुरुवातच झाली ती २५ ठिकाणी, सुमारे १५ हजार पुस्तकांनी. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, आणि एकीकडे खास बालसाहित्य. वाचायला पैसे नाहीत. चपला काढायच्या, कपाटातून हवं ते घ्यायचं आणि बसायचं. आतून कुकरची शिट्टी ऐकू येते, ती बोनस.

पोरं तिथे कशीही वाचतात. पालथी पडून, भिंतीला पाय लावून. कुणी ‘नीट बस’ म्हणत नाही.

मला आठवलं ताईचं घर. टूबीएचके, सुंदर शोकेस, काचेआड मुलांची महागडी पुस्तकं आणि किल्ली ताईच्या पर्समध्ये. का, तर ‘फाडेल गं तो!’ मोबाइल मात्र सोफ्यावर, सहा वर्षांच्या हाताला लागेल असा. वर तक्रार, की आमचा वाचतच नाही. (वाचनाचा क्लास लावू का, असंही विचारून झालंय.)

गेल्या महिन्यात आम्ही टीव्हीखालचा कप्पा रिकामा करून पुस्तकं तिथे ठेवली. आठवड्यात दोन पानं फाटली. त्यातलं एक भाच्याने स्वतःच सेलोटेपने चिकटवलं. तिरकंच. पण माकडाचं पुढे काय झालं, ते त्याच पानावर होतं ना!