भट्टी उभी राहील; पण कुंभार?

जपानच्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरील सुझु शहराला १ जानेवारी २०२४ रोजी ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. घरांबरोबर तेथील मृत्पात्रांच्या बहुतेक भट्ट्याही ढासळल्या. ५ मे २०२३च्या भूकंपानंतर विटा वेचून पुन्हा उभारलेल्या भट्ट्याही त्यांत होत्या. सप्टेंबर २०२४मध्ये अतिवृष्टीने उरलीसुरली उमेदही वाहून नेली.

सुझुची भांडी दिसायला साधी. त्यांवर झिलई नाही, रंग नाही. स्थानिक मातीत लोहाचे प्रमाण मोठे. लाकडाच्या जाळावर ती १२०० अंशांपलीकडे तापवायची आणि अखेरीस भट्टीची तोंडे लिंपून हवा तोडायची. मग माती काळसर राखाडी होते. जाळाबरोबर उडालेली राख भांड्यावर वितळते, तीच काय ती चकाकी. थोडक्यात, नोतोची माती आणि तिथलेच रान या भांड्यांत उतरते. बाराव्या शतकात सुरू झालेली ही कला सागरी व्यापारामुळे होक्काइडोच्या दक्षिण भागापर्यंत पोहोचली, पंधराव्या शतकाच्या अखेरीस लोपली आणि १९७०च्या दशकात पुन्हा जिवंत करण्यात आली. म्हणजे आजची परंपरा जेमतेम दोन पिढ्यांची आहे.

नेमकी येथेच मेख आहे. शेजारच्या वाजिमाच्या लाखकामाला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा आहे. एप्रिल २०२४मध्ये पंतप्रधान किशिदा यांनी त्या लाखकामाचे कॉफीचे पेले अध्यक्ष बायडेन यांना भेट दिले. सुझुच्या काळ्या मडक्यांना ना तो दर्जा, ना ते वलय. छोट्या उद्योगांच्या पुनर्बांधणीसाठी सरकारने खर्चाच्या तीन-चतुर्थांशापर्यंत अनुदान देऊ केले, हे खरे. मात्र उरलेला चौथा हिस्सा उतारवयातील कारागिराने कोणत्या भरवशावर घालायचा? धरणी पुन्हा हलणार नाही, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

गॅसच्या भट्टीकडे वळण्याचा सल्ला व्यवहार्य वाटतो. पण त्यात राखेची चकाकी उतरणार नाही. स्थलांतर करावे, तर माती मागे राहते. भूकंपापूर्वीच सुझुची लोकसंख्या १३ हजारांच्या आसपास होती आणि तरुण शहरांकडे निघाले होते. मोठ्या भट्टीचा जाळ रात्रंदिवस राखावा लागतो, ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. अनुदानाच्या अर्जात विटांचा खर्च मांडता येतो. पाळीपाळीने लाकूड सारणाऱ्या शेजाऱ्यांसाठी त्यात रकाना नाही.