आईला आत घ्या
काचेच्या पेट्यांची टंचाई होती, म्हणून १९७८ साली कोलंबियातील बोगोता येथे डॉ. एदगार रे यांनी अपुऱ्या दिवसांची अर्भके आईच्या उघड्या छातीशी बांधावयास सांगितली. हीच 'कांगारू मातृसेवा'. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता ही ऊब दिल्याने कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्यू चतुर्थांशाने घटले. मग जेथे आईला आजही नवजात कक्षाच्या दाराबाहेर बसविले जाते, तेथील नियम कोणाच्या हिताचा? कक्षात तिला एक खाट व आडोसा द्यावा. घरच्यांनीही सुवेराचे निमित्त न सांगता, बाळंतीण थकली की बापाला पुढे करावे. यंत्रे येतील तेव्हा येवोत. आईला आत घेण्यासाठी निविदा काढावी लागत नाही.