छंदांची दुनिया : रंग सोडणारा योद्धा

टेबलावर दोन फौजा समोरासमोर उभ्या आहेत. एका बाजूला निळ्या चिलखतांची रांग, दुसऱ्या बाजूला लालभडक. सैनिक मात्र जेमतेम दीड इंच उंचीचे! रंगावरून कोण कुणाचा ते चटकन ओळखू येते. पण दोन्हीकडे एकेक योद्धा असा आहे की, ज्याचे चिलखत काळेकुट्ट आणि चेहऱ्याच्या जागी कवटीचा मुखवटा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटावे, हा नक्कीच खलनायक! प्रत्यक्षात तो आहे फौजेचा धर्मगुरू.

हा खेळ म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’. रिक प्रीस्टली यांनी रचलेला हा खेळ इंग्लंडमधल्या ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीने १९८७ साली बाजारात आणला. सैनिकांचे सुटे भाग विकत आणायचे, चिकटवायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे आणि मग फासे टाकून लढाई खेळायची. कथा घडते सुमारे चाळीस हजार वर्षांनंतरच्या काळात. मानवजातीचा सम्राट दहा हजार वर्षे सुवर्णसिंहासनावर बसून आहे, ना धड जिवंत ना धड मृत! त्याच्यासाठी लढणारे महाकाय योद्धे म्हणजे ‘स्पेस मरीन्स’. त्यांच्या सुमारे हजार-हजार जणांच्या तुकड्या असतात. अल्ट्रामरीन्स निळे, ब्लड एंजल्स लाल, डार्क एंजल्स गर्द हिरवे. रंग ही प्रत्येक तुकडीची शान.

ती शान चॅप्लेन, म्हणजे हा धर्मगुरू, उतरवून ठेवतो. तुकडीचा रंग आणि चिन्ह उरते ते फक्त खांद्यावरच्या कवचावर. बाकी सारे काळे, मृत्यूची आठवण देणारे. हातात ‘क्रोझियस’ नावाची गदा, तीच त्याच्या पदाची खूण. गळ्यात ‘रोझेरियस’ नावाचा ताईत. तो शत्रूचा मारा अडवणारे अदृश्य कवच उभे करतो. खऱ्याखुऱ्या ब्रिटिश सैन्यातला धर्मगुरू शस्त्र हाती घेत नाही. हा मात्र सर्वांच्या पुढे धावून जातो. सैनिकांची निष्ठा ढळू न देणे हे त्याचे काम.

ब्लड एंजल्सच्या कथेत हे काम फार जड होते. त्यांचा आद्य सेनानी सँग्विनियस लढाईत मारला गेला. त्याच्या मरणाची वेदना वंशजांच्या रक्तात उतरली आहे. युद्धाआधी एखाद्या सैनिकाला भ्रम होतो. आपणच सँग्विनियस आहोत आणि ती जुनी लढाई आत्ता चालू आहे, असे त्याला वाटू लागते. अशांना हेरून वेगळे काढायचे ते चॅप्लेननेच. त्यांचीही चिलखते मग काळी होतात, वर जखमांच्या तांबड्या फुल्या येतात आणि शेवटच्या लढाईत त्यांचे नेतृत्व तोच करतो. कालपर्यंतच्या सोबत्याला मरणाच्या वाटेवर सोबत करणारा हा माणूस! अशा वेळी त्याचा काळा रंग भीतीचा न वाटता सुतकाचा वाटतो.

या पदाच्या इतिहासातली गंमत तर आणखी कडू आहे. सम्राटाला धर्म मुळीच मान्य नव्हता. ‘वर्ड बेअरर्स’ या सैन्याचा सेनानी लॉर्गर त्याला देव मानू लागला, तसा ग्रंथही त्याने लिहिला. सम्राटाने त्याचे लाडके शहर बेचिराख करून त्याला सर्वांदेखत गुडघ्यावर आणले. दुखावलेला लॉर्गर दुसऱ्या, काळ्या शक्तींकडे वळला. त्याच्या सैन्याने जुनी करडी चिलखते बदलून तांबडी केली आणि बंड पेटले. चॅप्लेन हे पद प्रथम होते ते याच सैन्यात! निष्ठा राखणारे पद जिथे जन्मले, तिथूनच फितुरीची सुरुवात झाली. पुढे सारे साम्राज्य सम्राटाला देव मानून पुजू लागले, तेही लॉर्गरच्याच ग्रंथाच्या आधाराने. बहुतेक स्पेस मरीन्स मात्र त्याला आजही देव न मानता थोर पुरुष मानतात.

म्हणूनच हा खेळ आंधळ्या भक्तीची भलामण करतो, असे समजणे चुकीचे ठरेल. हे साम्राज्य म्हणजे हुकूमशाहीवरचे उपहासचित्र आहे, असे खुद्द कंपनीनेच २०२१ साली निवेदन काढून स्पष्ट केले.

आता थोडे रंगकामाविषयी. चॅप्लेन रंगवणे सोपे, एकच तर रंग, असे नवख्याला वाटते. नुसता काळा फासला की बाहुलीचा कोळसा होतो! चिलखताच्या प्रत्येक कडेवरून करड्या रंगाची केसासारखी रेघ ओढावी लागते, तेव्हा कुठे आकार उठून दिसतो. कवटीला आधी तपकिरी छटा, मग उंचवट्यांवर हस्तिदंती रंग. एका बाहुलीत सबंध संध्याकाळ सहज जाते.

घरातला मुलगा वा मुलगी अशी कवटी रंगवताना दिसली, तर दचकू नये. शेजारी बसावे आणि विचारावे, “बाकीचे सगळे रंगीत, मग हाच काळा का रे?” उत्तरात निष्ठेची, फितुरीची आणि देव नाकारणाऱ्या सम्राटाची एक लांबलचक गोष्ट ऐकायला मिळेल. त्या संध्याकाळी टीव्ही लावायची आठवणही होणार नाही.