मुक्कामाचे मोल

माकणीसारख्या गावात बाहेरचा माणूस येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. निम्न तेरणा धरणाच्या कामासाठी अभियंते आणि मजूर आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या सगळ्या परिसरात देशोदेशींच्या मदतसंस्थांची वाहने उभी राहिली. प्रस्तुत लेखक तेव्हा शाळकरी होता. धान्य, कपडे आणि तंबू वाटून सायंकाळी परतणारे लोक त्याला आठवतात. तसेच मुक्कामाला राहून, ढिगारे उपसून, रात्री म्हाताऱ्या माणसांजवळ बसून राहणारे थोडे लोकही आठवतात. उपकार दोघांचेही मोठेच. तथापि तीस वर्षे उलटल्यावरही वडीलधारी मंडळी आवर्जून विचारपूस करतात ती दुसऱ्या प्रकारच्या माणसांची.

हा फरक पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांवर काम करणाऱ्या मॉर्मन धर्मप्रचारकांची दिनचर्या नुकतीच वाचनात आली. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापिलेल्या या पंथाचे तरुण, पंथाची सूचना होईल त्या मुलखात दोन वर्षे राहावयास जातात. पहाटेनंतर लवकरच, साडेसहाच्या सुमारास उठावयाचे, धर्मग्रंथाचे आणि स्थानिक भाषेचे अध्ययन करावयाचे, जोडीदाराला क्षणभरही न सोडता दिवसभर पायी किंवा सायकलने हिंडावयाचे, आणि रात्री साडेदहाला दिवा मालवावयाचा, असा या मंडळींचा परंपरागत नेम आहे. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी खुशाली कळविणे यांसाठी राखलेला असतो. वेतन नाही. उलट खर्च तो तरुण किंवा त्याचे कुटुंब सोसते. पूर्वी ज्याच्या वाट्याला महागडे शहर येई, त्याला अधिक खर्च पडे. १९९१ पासून अमेरिकेतील तरुणांकरिता सर्वांची मासिक वर्गणी सारखीच करण्यात आली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था मननीय वाटावी.

या पंथाचा उपदेश आपणास पटण्याचे कारण नाही, आणि तो पटवून देण्याचा या लेखाचा हेतूही नाही. प्रश्न वेगळाच आहे. परक्या माणसाचे पाय एखाद्या भूमीत केव्हा रुजतात आणि केव्हा रुजत नाहीत? याचे उत्तर एकाच काळात घडलेल्या दोन हकिकतींत मिळते. त्यांपैकी एक तर आपल्या पुण्याची आहे.

डिसेंबर १८५० मध्ये दहा मॉर्मन प्रचारक हवाई बेटांवर उतरले. तेथील गोऱ्या व्यापाऱ्यांनी व खलाशांनी त्यांना दाद दिली नाही. स्थानिक लोकांची भाषा येत नव्हती. निम्मे लोक काही महिन्यांतच परत फिरले. जे राहिले त्यांत जॉर्ज कॅनन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. माऊई बेटावर तो हवाईयन कुटुंबांत राहू लागला. अळूचे कंद शिजवून, कुटून केलेली 'पोई' नावाची आंबूस लापशी हे तेथील रोजचे अन्न. प्रथम ती त्याच्या घशाखाली उतरेना. पण आपल्यासाठी यजमानांना वेगळे रांधावे लागू नये, म्हणून त्याने ती नेटाने अंगवळणी पाडली. त्याच्या पंथाचा ग्रंथ पुढे १८५५ मध्ये हवाईयन भाषेत छापला गेला, तो योनातना नापेला या तेथीलच सुशिक्षित न्यायाधिकाऱ्याच्या साहाय्याने. शिकविण्यास आलेला मनुष्य प्रथम स्वतः विद्यार्थी झाला, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरी हकिकत ह्यू फिंडले या स्कॉटिश प्रचारकाची. तो सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईत उतरला. त्याच सुमारास या पंथाने बहुपत्नीकत्वाचा उघड पुरस्कार केल्याने वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. फिंडले पुण्यास गेला. लष्करी छावणीत राहण्यास अधिकाऱ्यांनी मज्जाव केला, तेव्हा तो बाहेर राहिला. स्थानिक भाषा शिकण्याचीही त्याने खटपट केली. १८५३ मध्ये पुण्यात जी शाखा निघाली तिच्यात जेमतेम डझनभर माणसे होती, आणि तीही प्रायः युरोपियन व युरेशियन. १८५६ पर्यंत या पंथाचे हिंदुस्थानातील काम गुंडाळले गेले.

फिंडले कष्टात कमी पडला असे म्हणता येणार नाही. पदरी पैसा न बाळगता यजमानाच्या आश्रयाने हिंडावे, ही त्या पंथाची तेव्हाची रीत. हवाईत ती चालली, कारण तेथे पंक्तीला बसता येत होते. आपल्याकडे जातिबंधनामुळे परक्याला घरात घेऊन जेवू घालणे दुर्घट होते. आणि निष्कांचन गोरा मनुष्य छावणीतल्या साहेबालाही नकोसा होता. दोन्ही दारे बंद असलेला माणूस किती काळ तग धरणार? त्याच्या अपयशात त्याच्या उपदेशाचा दोष असेल. पण आपल्या समाजाच्या बंद दारांचाही त्यात वाटा होता.

येथे कोणी आक्षेप घेईल की, असा मुक्काम निरपेक्ष नसतो; जेवणाच्या ताटाआडून मतांतराची अपेक्षा डोकावत असते. हा आक्षेप खरा आहे. याच पंथाच्या वॉल्टर गिब्सन नामक पुढाऱ्याने लानाई बेटावरील पंथाची जमीन स्वतःच्या नावावर केली आणि १८६४ मध्ये तो बहिष्कृत झाला. हवाईची राजसत्ता १८९३ मध्ये उलथविणाऱ्यांत, आधी आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे वंशजही होते. बाहेरून आलेल्यांबरोबर रोगही आले. १८५३ च्या देवीच्या साथीत त्या बेटांवर हजारो माणसे दगावली. तेव्हा पाहुणा गोड बोलतो म्हणून यजमानाने डोळे मिटून घ्यावेत, असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु मुक्कामामागे मतांतराचाच हेतू असावा लागतो, असेही नाही. याचा दाखला याच लोहारा तालुक्यात आहे. असहकाराच्या काळात हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे, ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले शिक्षक तेथे येऊन राहिले. निजामी राजवटीतील आडवळणाचे खेडे. वेतनाची वा बढतीची आशा धरावी असे तेथे काही नव्हते. १९३२ मध्ये हिप्परग्यासच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले, हे सर्वविश्रुत आहे. त्या नेतृत्वाला जो विश्वास लाभला, त्याची पायाभरणी खेड्यातल्या अशा वास्तव्यात झाली, याचा मात्र आपणास विसर पडतो.

आता आजचे चित्र पाहू. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहावे ही अट, आणि तिच्याशी निगडित घरभाडे भत्त्याचा वाद, वाचकांना नवा नाही. सकाळच्या एस.टी.ने वा मोटारसायकलने येणे आणि सायंकाळी तालुक्याच्या गावी परतणे हा आता शिरस्ताच झाला आहे. प्रस्तुत लेखक तरी वेगळे काय करतो? तो राहतो माकणीस आणि शिकवितो परगावी. वर्गातील मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या घरी यंदा सोयाबीन किती झाले, त्याच्या बहिणीचे शिक्षण का थांबले, हे त्याला ठाऊक नसते, कारण त्या मुलाच्या गल्लीतून तो कधी चाललेला नाही. म्हणून हा कुणावर दोषारोप नव्हे.

नुसत्या परिपत्रकाने हा प्रश्न सुटणार नाही. गावात राहण्याजोगी खोली नाही, मुलांना पुढील शिक्षणाची सोय नाही, पत्नीची नोकरी दुसरीकडे; या अडचणी खऱ्या आहेत. संसारी माणसाला अविवाहित प्रचारकाचा नेम लावणे अन्यायाचे होईल. शासनाने गावोगावी निवासस्थाने बांधावीत. ती असतील तेथे दुरुस्त राखावीत. गावानेही भाड्याची खोली देताना जात विचारणे सोडावे. फिंडलेच्या वेळी बंद असलेले दार आजही पुष्कळ ठिकाणी पुरते उघडलेले नाही, हे खोली शोधत हिंडलेल्या कित्येक शिक्षकांना अनुभवाने माहीत आहे.

आणि एवढे होईपर्यंत आपण निदान एक गोष्ट करू शकतो. आठवड्यातून एक सायंकाळ शेवटची गाडी सोडून द्यावी, एखाद्या विद्यार्थ्याच्या ओट्यावर बसावे, त्याच्या घरची भाकरी खावी आणि सकाळी तेथूनच शाळेत वा कॉलेजात जावे. कुणाला कोणत्याही पंथात ओढावयाचे नसल्याने हे काम आपणास त्या परदेशी तरुणांहून सोपे पडावयास हवे. प्रस्तुत लेखकाने या सत्रापासून आरंभ करण्याचे ठरविले आहे.