यंत्राचा कारभार कोण पाहतो?

संगणक हा विषय आतां हायस्कुलांत नवा राहिलेला नाहीं. मराठींत टंकलेखन करणें, अर्जाचा मसुदा मांडणें, आंकड्यांचें कोष्टक तयार करणें, इतकें बहुतेक मुलांस येतें. हें शिक्षण निरुपयोगी आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु तेवढ्यावरच थांबणें म्हणजे किती वाजले हें सांगतां आलें म्हणून घड्याळाची रचना कळली असें मानण्यासारखें आहे. बटण दाबल्यावर आंत काय घडतें, हें मुलास समजलें पाहिजे. आणि त्यासाठीं ऑपरेटिंग सिस्टिमचीं मूलतत्त्वें इयत्ता आठवीपासूनच शिकवावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी व्यवस्था. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड हे तिचे परिचित प्रकार होत. कोणत्या कामास प्रोसेसर केव्हां द्यावा, मेमरीची कोणती जागा कोणास नेमून द्यावी, फाइल कोठें ठेवावी व ती कोणी उघडावी, हे निर्णय ती घेते.

यांत गूढ असें कांहीं नाहीं. खेड्यांतील एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढें आणावी. इयत्ता चार आणि मास्तर एक. ते पहिलीस पाढे म्हणावयास सांगतात, दुसरीस शुद्धलेखन घालतात, तिसरीचीं गणितें तपासतात आणि चौथीकडे वळतात. प्रत्येक वर्गाचा धडा कोठें थांबला होता, हेंहि त्यांस ध्यानांत ठेवावें लागतें. एकच प्रोसेसर अनेक कामें करतो तो याच रीतीनें. एकेका कामास सेकंदाचे कांहीं सहस्रांश भाग मिळतात. मग त्या कामाची स्थिति टिपून ठेवून दुसरें काम हातीं घेतलें जातें. हा पालट इतक्या त्वरेनें होतो कीं, गाणें आणि लेखन एकाच वेळीं चाललें आहे असें आपणांस वाटतें. आजच्या यंत्रांत असे मास्तर चार किंवा आठ असतात, हें खरें; पण कामें शेंकड्यांनीं असतात. वर्ग फार वाढले तर मास्तरांचा वेळ शिकविण्यापेक्षां वळण्यांतच जाईल. यंत्र मंद कां होतें, याचें एक कारण या दृष्टांतानें मुलास समजतें. मग तें पुनःपुन्हां बटणें दाबीत बसत नाहीं, कोणतें काम अडून बसलें आहे याचा शोध घेतें.

याहून महत्त्वाचा भाग परवानगीचा. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. युनिक्समध्यें प्रत्येक फाइलीस मालक असतो. आणि मालक, गट व इतर जन यांपैकीं ती कोणीं वाचावी, कोणीं बदलावी, कोणीं चालवावी, हें वेगवेगळें नोंदलेलें असतें. अँड्रॉइड फोनांतहि प्रत्येक ॲप इतरांपासून अलग ठेवलेलें असतें, आणि संपर्कांची यादी किंवा कॅमेरा हवा असल्यास त्यास फोनधारकाची संमति मागावी लागते. ही संमति म्हणजे घराची किल्ली होय. नुसता टॉर्च लावणाऱ्या ॲपला आपल्या संपर्कांची यादी कशाला हवी, हा प्रश्न मुलास आपोआप पडत नाहीं. तो शिकवावा लागतो.

हा केवळ पुस्तकी प्रश्न नव्हे. अनोळखी माणसानें फोनवर सांगितलेलें ॲप घेऊन, आपल्या पडद्याचा ताबा त्याच्या हातीं देऊन, आयुष्यभराची ठेव गमावणारीं वडील माणसें आपल्या भोंवतीं आहेत. पुष्कळ घरांत आईबाप, आजीआजोबा फोनविषयीं सल्ला विचारतात तो आठवी-नववींतल्या मुलासच. त्या मुलाचें ज्ञान पक्कें असणें ही साऱ्या घराची गरज आहे.

पालकांकडून दोन आक्षेप येणें संभवतें. पहिला असा कीं, हा विषय मुलांच्या आवांक्याबाहेरचा आहे. मुलांनीं ऑपरेटिंग सिस्टिम लिहावी असें आमचें म्हणणें नाहीं. तिचीं चार तत्त्वें समजावींत, एवढेंच आम्हांस हवें. आणि समजेल असें शिकविल्यानें काय होतें, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं १९८७ सालीं मिनिक्स ही लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम शिकविण्यासाठींच लिहिली आणि तिचें विवेचन पाठ्यपुस्तकांत केलें. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तें पुस्तक अभ्यासिलें आणि १९९१ सालीं, वयाच्या २१ व्या वर्षीं, आपली लिनक्स जगापुढें ठेवली. आज अँड्रॉइड फोनांचा गाभा लिनक्सच आहे.

दुसरा आक्षेप गुणांचा व खर्चाचा. गुणांविषयीं इतकेंच म्हणतां येईल कीं, फसविणारा माणूस गुणपत्रिका पाहून फसवीत नाहीं. खर्च तर नाममात्र आहे. लिनक्स विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरहि चालते. केरळांतील सरकारी शाळांतून कित्येक वर्षें तिच्यावरच शिक्षण दिलें जात आहे. आठवड्यास एक तास पुरे. चालू असलेलीं कामें मोजावीं, त्यांतलें एक थांबवून पाहावें, फाइलीचा वाचनाधिकार काढून ती उघडते काय हें तपासावें. हातानें केलेलें मूल विसरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रापुढें बसाल तेव्हां ‘हें कसें करावें’ याबरोबरच ‘हें कसें होतें’ असेंहि विचारीत जा. आणि पालकांस विनंती एवढीच कीं, एखाद्या सायंकाळीं मुलास जवळ घेऊन फोनची सेटिंग्ज उघडावीं, कोणत्या ॲपला कोणती परवानगी दिली आहे तें दोघांनीं मिळून पाहावें, आणि जी देण्याचें कारण सांगतां येत नाहीं ती काढून घ्यावी. या विषयाचा पहिला पाठ घरींच होऊन जाईल.